फाटक

पुणे ते जळगाव, मे महिन्यातली दुपार.
कन्नडचा घाट मागे पडला
की खाली नुसती तापलेली काळी रानं,
आणि त्यांच्या धगीवर आमचं पंख्यांचं विमान
गाडरस्त्याला लागलेल्या बैलगाडीसारखं हादरतं.

टिंग. पट्ट्याचा दिवा लागतो.
मी सांगते मराठीत, हिंदीत, इंग्रजीत.
अहिराणीत सांगायची परवानगी नाही,
नाहीतर एखाद्याने ऐकलंही असतं.

निघताना मी मधल्या वाटेत उभी राहून
हवेतच पट्टा बांधला, हवेतच सोडला.
चौथ्या रांगेतले लोटन आप्पा चिवडा खात होते.
पिवळं जॅकेट गळ्यात घातलं तेव्हा म्हणाले,
"समुद्र कुठंय वाटेत, ताई?
पडलोच तापीत, तर गुडघाभर पाणी."
सगळी रांग हसली.
मीही हसले,
हसायचं आम्हाला शिकवलेलं आहे.

माझा बाप भादलीच्या फाटकावर होता.
दांडा खाली आला की माणसं वाकायची,
सायकल आडवी करून,
मोटारसायकल तिरपी करून,
डोक्यावरचा भारा सावरत.
बाप एकेकाला नावानं हाक मारायचा,
सगळ्यांची नावं पाठ होती त्याला.
"बापू, दोनच मिन्टं," म्हणायचे लोक
आणि रूळ ओलांडून गेल्यावर
पलीकडे पानाच्या टपरीपाशी
अर्धा तास उभे राहायचे.

एका संध्याकाळी तो घरी आला
हातात एकच चप्पल घेऊन.
कोणाची, ते आईने विचारलं नाही.
तो जेवला नाही.
दुसऱ्या दिवशी सकाळची मालगाडी आली,
दांडा खाली आला,
माणसं वाकली.

चाकं टेकली.
विमान अजून धावतंय
आणि वरच्या कप्प्यांची दारं उघडलीसुद्धा.
"उतरनू मी, गाडी लई ये,"
लोटन आप्पा उभे, एक हात फोनला,
दुसरा मुलीच्या घरून आणलेल्या खोक्याला.
त्यांच्यामागे सातवी रांग, त्यामागे सगळेच.
मी शेवटच्या घडीच्या खुर्चीत,
चार पट्ट्यांनी बांधलेली.
मला उठता येत नाही,
नुसतं ओरडता येतं.
"बसून घ्या. कृपया बसून घ्या."
माझ्याकडे त्यांची नावंही नाहीत,
फक्त आकडे आहेत, आणि अक्षरं.

ब्रेक लागला.
खोकं आप्पांच्या हातून सुटलं,
चौदा नंबरच्या पोराच्या कानाला चाटून
वाटेत फुटलं.
आंबे घरंगळत
माझ्या पायापर्यंत आले.
क्षणभर सगळे गप्प.
मग कोणीतरी म्हणालं, "काय व्हस नही."
पोर कान चोळत होतं.
दिवा तसाच पेटलेला.

सगळे उतरून गेल्यावर
अकराव्या रांगेत एक बाई बसलेली दिसली.
धरणगावच्या रामकोरबाई,
विमानात पहिल्यांदाच.
"आते सोडू का वं, माय?"
पाहिलं तर पट्ट्याची कडी त्यांना लागली नव्हती.
त्यांनी दोन्ही टोकं पोटावर घेऊन
गाठ मारली होती.
पदराला पैसे बांधतात तशी,
एकावर एक, दोन.

मी गुडघ्यावर बसले.
माझी नखं रंगवलेली, त्यांची झिजलेली,
गाठ काही सुटेना.
मागच्या दारातून जळगावचं ऊन आत येत होतं.
सफाईवाले खाली थांबले होते.
"उशीर व्हयी ऱ्हायना का तुले?" त्यांनी विचारलं.
"नाही," मी म्हणाले,
"बसा निवांत."
आणि एक आंबा उचलून
त्यांच्या मांडीवर ठेवला.